छाती धावली ती लग्नसराई

पाडवा होऊन गेला की माझ्या दुकानात ब्लाउजपिसांचा ढीग लागायला सुरुवात होते. आटगाव स्टेशनाबाहेर, रिक्षा उभ्या राहतात तिथून थोडं पुढे, माझं शिवणाचं दुकान आहे. एका बाजूला पिवळ्याधमक हळदीच्या साड्यांचे पीस, दुसऱ्या बाजूला मोतिया, राणी, पोपटी. दुपारी समोरचं डांबर उन्हानं मऊ होतं, करवंदांच्या पाट्या घेऊन बाया सावलीला बसतात, आणि लांबच्या एखाद्या पाड्यावरून हळदीच्या स्पीकरचा धपधप आवाज यायला लागतो. तो आवाज आला की मशीनवरचा माझा पाय थांबतो. इतर लोकांना त्या आवाजानं नाचावंसं वाटतं. मला आई आठवते, आणि तिची छाती धावली ती लग्नसराई.

माझी आई द्वारका धवलारीण आहे. आमच्याकडे हळदीला आणि लग्नाला धवळे गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. मांडवात उंबराची फांदी रोवली, खाली तांदळाच्या पिठाचा चौक काढला, की धवलारीण चौकाजवळ बसते आणि गाण्यानं देवांना आवतण देते. डोंगरावरचा देव, नदीतली देवी, वेशीवरचा, शेताच्या बांधावरचा, सगळ्यांची नावं घेते. कोणी राहिलं तर त्याला राग येईल म्हणून कोणाला वगळत नाही. पोथी नाही, कागद नाही. आईला ते तिच्या आत्याकडून मिळालं, आणि आत्याला कोणाकडून ते आईलाही माहीत नाही. शेणव्याच्या, म्हणजे माझ्या माहेरगावच्या, आसपासच्या गावांत, पार किन्हवलीच्या पुढे मुरबाड तालुक्यातल्या गावांपर्यंत, तिला बोलावणं येतं. आता भटजीही असतात, डीजेही असतो. पण कितीही मोठा स्पीकर लावला तरी जुनी घरं आधी विचारतात, द्वारकीला सांगितलं का?

मी तिच्यासोबत जायचे ते मागची ओळ धरायला. आई एक ओळ गाते, ती संपायच्या आत दुसरीनं ती उचलायची आणि पुन्हा म्हणायची, म्हणजे पुढच्या ओळीसाठी आईला श्वास मिळतो. लग्नाआधी ते काम मी घरातलं काम म्हणून केलं, लग्नानंतर हौस म्हणून. आईचा आवाज गोड नाही. तो रुंद आहे. उन्हात तापलेल्या अंगणासारखा कोरडा आणि मोकळा. त्या आवाजाच्या मागे चालताना मला कधी भीती वाटली नाही, कारण पुढे ती असायची.

त्या वर्षी चैत्रातली एक हळद होती, शेणव्याच्या पुढच्याच गावात. ऊन उतरलं होतं. चौकाभोवती बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, हळदीचा आणि घामाचा आणि चुलीवरच्या भाताचा मिळून एक वास मांडवात भरून राहिला होता. आई नदीच्या देवीला बोलावत होती आणि ओळीच्या मध्येच तिचा आवाज तुटला. मी तीच ओळ पुन्हा उचलली, तरी ती पुढे येईना. वळून बघितलं तर तिनं तळहात गळ्याच्या खाली दाबून धरला होता. बोटांच्या वर, गळ्याच्या खळग्यात, कातडी थडथड उडत होती. चेहरा घामानं भिजलेला, डोळे मात्र उघडे आणि शुद्धीत.

"देव आला गो," मागून एक म्हातारी म्हणाली. "देवी आली बाईच्या अंगात."

मग काय, बायका उठल्या. कोणी हळदकुंकू आणलं, कोणी तिच्या पायावर डोकं ठेवलं, एकीनं आपलं तान्हं पोर तिच्या मांडीला लावलं. आईला बोलता येत नव्हतं. ती नुसती हात हलवत होती, नको, नको. त्यांना वाटलं तो आशीर्वाद आहे.

थोड्या वेळानं ते थांबलं. हळूहळू नाही, नळ बंद करावा तसं एकदम. आईनं मोठा श्वास घेतला, तांब्याभर पाणी प्यायली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं.

"पाया पडू नका गो. देव नाय आला. माझी छाती धावली."

त्या म्हातारीचं तोंड पडलं. आईनं पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं, आणि जिथे ओळ तुटली होती तिथूनच पुढे गायला लागली.

आज मागे वळून बघताना मला त्या क्षणाचा जेवढा अभिमान वाटतो तेवढा तेव्हा वाटला नव्हता. तेव्हा मी घाबरले होते. पण विचार करा, देवांना बोलावणाऱ्या बाईच्या अंगात देव आला असं चार गावांत झालं असतं तर तिचा मान किती वाढला असता. तिला फक्त गप्प बसायचं होतं. बोलण्याची ताकद नसताना तिनं आधी खोटा मान परत केला आणि मग तुटलेली ओळ पुढे नेली.

माझा भाऊ जना भिवंडीच्या गोडाऊनमध्ये कामाला जातो. आई त्याच्याकडेच राहते. दुसऱ्या दिवशी त्याला कळलं तेव्हा तो बाकड्यावर डबा ठेवून तसाच उभा राहिला.

"आये, पुरे आता. या वर्षी कुठं जाऊ नको."

"का रे?"

"का म्हणजे? मांडवात काय झालं तर?"

"घरात झालं तर चालंल का?" आई म्हणाली. ती तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

मग त्या दिवशी, तांदूळ निवडता निवडता, तिनं आम्हाला सांगितलं की हे आजचं नाही. तरुणपणी लावणीत वाकलेली असताना एकदा झालं होतं. माझ्या जन्मानंतर झालं. पुढे कधी वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांत नाहीच. अचानक छाती पळत सुटते, मोजता येत नाही इतकी, आणि अचानक थांबते. सासरी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळे म्हणाले, घाबरट आहे पोर. मग तिनं सांगणंच बंद केलं.

"मी घाबरत नाय," ती म्हणाली. "आधी छाती धावते. मग मला भ्या वाटतं. लोक उलटं सांगतात."

मराठीत छाती म्हणजे नुसतं शरीर नाही. हिंमत दाखवणाऱ्याला आपण छातीचा माणूस म्हणतो. म्हणून छाती धडधडली की लोकांना वाटतं हिंमतच गेली. माझ्या आईनं तीसपेक्षा जास्त वर्षं घाबरट हा शब्द अंगावर घेऊन, त्या छातीनिशी भात लावलं, भारे वाहिले, दोन पोरं वाढवली आणि शेकडो लग्नांत देवांना बोलावलं. आम्ही तिच्याच घरात वाढलो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

मी तिला शहापूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी नीट तपासलं, रक्त काढलं, छातीला आणि हातापायांना वायर लावून ईसीजी काढला. कागदावरची रेघ सरळ आणि शहाण्यासारखी होती. मला वाटलं आता तेही म्हणणार, काही नाही, टेन्शन आहे. पण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आईला विचारलं, "सुरू कशी होते मावशी? हळूहळू वाढत जाते की एकदम?"

"एकदम," आई म्हणाली. "आणि थांबते पण एकदम."

"मग हे शोधायला पाहिजे. आत्ता छाती शांत आहे म्हणून कागद चांगला आला. धावत असताना कागद निघाला तर कळेल." मग माझ्याकडे वळून त्यांनी समजावलं, की पुन्हा सुरू झालं तर जो दवाखाना जवळ असेल तिथे लगेच न्या. चक्कर आली, छातीत दुखलं, श्वास पुरेना झाला तर एक मिनिटही वाट बघू नका. नाडी कुठे लागते, बोटं कशी ठेवायची, तेही त्यांनीच मला शिकवलं. त्या आठवड्यात मी सगळ्यांच्या नाड्या बघितल्या. नवऱ्याची, गिऱ्हाइकांची, माझी. माणसाच्या मनगटात एवढं काही चालू असतं हे मला पहिल्यांदाच कळलं.

जना काही तिला अडवू शकला नाही. पण त्या मोसमात ती जिथे गेली तिथे सुट्टी टाकून तो सोबत आला. मांडवाच्या कडेला खुर्ची टाकून, हाताची घडी घालून, आईच्या गळ्याकडे बघत बसायचा. दरम्यान हळदीतली गोष्ट गावोगाव पोचली होती, आणि आईनं जे सांगितलं होतं तेवढं सोडून बाकी सगळं पोचलं होतं. एका घरातून निरोप आला की तुमच्या अंगात येतं म्हणे, तेवढं आमच्याकडेही येऊ द्या. आई हसली नाही. तिनं निरोप्याला चहा दिला आणि सांगितलं, "गायला बोलवता तर येते. बाकीचं माझ्याकडं नाय." ते घर दुसऱ्या धवलारणीकडे गेलं. आईनं त्याची खंत केली नाही, निदान आमच्यासमोर नाही.

वैशाखात एक लग्न होतं, किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या बाजूला. भर दुपारचा मुहूर्त. मांडवाच्या कापडातून ऊन गाळून येत होतं आणि सगळ्यांचे चेहरे लाल-निळे दिसत होते. बाहेर आंब्याखाली मोठ्या टोपात वरण उकळत होतं. आई देवांना आवतण देत होती, निम्मे देव यायचे होते, आणि तिचा हात पुन्हा गळ्याखाली गेला. मी मनगट धरलं. बोटांखाली नाडी लागत होती, पण एक ठोका कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नव्हतं.

जना खुर्चीतून उठून आला. त्याच्या मागे नवरीची आत्या आली, मोठ्या हाडाची, मोठ्या आवाजाची बाई, सकाळपासून सगळं लग्न तिच्याच हाताखाली चाललं होतं. काय झालं ते मी तिला दोन वाक्यांत सांगितलं. तिनं वऱ्हाडाच्या जीपवाल्याला हाक मारली, "मुरबाडला ने. आत्ताच्या आत्ता."

तेवढ्यात बाजूचे एक वयस्कर गृहस्थ पुढे आले. "आवतण अर्धं हाय," ते म्हणाले. "देव बोलावताना बाईला मधीच उठवून नेऊ नका. देव अंगात हाय."

आई उभी राहिली होती. एक हात जनाच्या खांद्यावर. ती दमून दमून पण स्पष्ट बोलली.

"देव हितंच हाय, दादा. मी चाललेय."

मी पिशवी उचलली. तिनं मान हलवली. "तू नको येऊस. तू आलीस तर हितं कोण? जना हाय माझ्यासोबत. ओळ सोडू नको रंजे."

आणि ती चालत गेली. कोणी उचलून नेलं नाही. मांडवाच्या बाहेर, उन्हात, जीपपर्यंत, स्वतःच्या पायांनी. मी बघत राहिले. मग चौकासमोर तिची जागा रिकामी होती, आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

पुढची ओळ मला येत होती. लहानपणापासून हजार वेळा म्हटली होती, पण नेहमी दुसऱ्यांदा. पहिल्यांदा म्हणायची हे वेगळं असतं. पुढे कोणाचीच पाठ नसते. मी तोंड उघडलं तेव्हा माझी छाती इतकी वाजत होती की मला वाटलं, आईचं मला लागलं की काय. आवाज बारीक निघाला. ओळ संपत आली आणि ती उचलायला कोणी नव्हतं, आणि मग माझ्या शेजारी धपकन कोणीतरी बसलं. नवरीची आत्या. तिनं ओळ उचलली, अर्धे शब्द चुकीचे, पण जोरात. पुढच्या ओळीला आणखी दोघी आल्या. मी एकेका देवाचं नाव घेत गेले. आई तिकडे कुठल्या वळणावर असेल, हा विचार प्रत्येक नावाच्या मागे होता, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवांना नवरीसाठी कमी आणि आईसाठी जास्त बोलावलं.

गाता गाता माझ्या लक्षात आलं, माझी छाती निवत चाललीय. जशी थोडी थोडी वाढत गेली होती तशीच थोडी थोडी उतरली. आवाज मोकळा झाला, खांदे सैल पडले. ही भीती होती, आणि भीती अशी चढते आणि अशी उतरते. आईचं तसं नव्हतं. ते आतून कळ दाबल्यासारखं सुरू व्हायचं आणि तसंच बंद व्हायचं. शहापूरच्या डॉक्टरांनी तो एकच प्रश्न का विचारला होता, ते मला त्या मांडवात, माझ्या स्वतःच्या छातीवरून समजलं.

अक्षता पडल्या. पंगती बसल्या. मी पानावर न बसता मांडवाच्या तोंडाशी उभी राहिले. मग रस्त्यावर जीपचा हॉर्न ऐकू आला, आणि आई उतरली. केस विस्कटलेले, चेहरा उतरलेला, पण पाय घट्ट. तिच्या आधी जनाच धावत आत आला. जो जना तिला घरात बसवायला निघाला होता, तो मांडवाच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना सांगत होता.

"दवाखान्यात गेलो तवा चालूच होती धावायला. मॅडमनी लगेच वायर लावल्या. कागद बाहेर आला आणि मॅडम म्हणाल्या, सापडलं. मग आयेला अर्धवट बसवलं आणि एक रिकामी सिरिंज दिली, सुई नसलेली. म्हणाल्या, यात फुंका, जोर लावून, दट्ट्या हलला पायजे. आयेनं फुंकलं. मग पटकन आडवी झोपवली आणि तिचे पाय वर धरले. नाय थांबली. मॅडम म्हणाल्या, अजून एकदा. आयेनं असं फुंकलं, असं फुंकलं, मॅडमच म्हणाल्या बस बस. पाय वर केले आणि समोरच्या स्क्रीनवर रेघ एकदम सरळ चालायला लागली."

"मग मॅडम म्हणाल्या, मावशी, दम आहे तुमच्यात," त्यानं पुढे सांगितलं. "तर ही काय म्हणाली सांगू? धवलारीण हाय मी."

बायका हसल्या. आत्यानं आईला हाताला धरून पंगतीत बसवलं. त्या वयस्कर गृहस्थांनी स्वतः उठून तिच्या पानात भात वाढला आणि विचारलं, "मंग होतं तरी काय?"

डॉक्टर मॅडमनी जे समजावलं होतं ते आईनं आपल्या शब्दांत सांगितलं. छातीत विजेसारखा एक प्रवाह असतो, तो वरून खाली जातो तेव्हा ठोका पडतो. तिच्या छातीत जन्मापासून एक जास्तीची वाट आहे. पाटाचं पाणी शेताकडे जायच्या ऐवजी एखाद्या जुन्या चरीत शिरून तिथेच गोल फिरत बसावं, तसा तो प्रवाह कधीकधी फिरत बसतो. त्या फेऱ्यात छाती धावते. फुंकून जोर केला, पाय वर केले, की कधीकधी फेरा तुटतो. तुटला नाही तर औषध टोचतात. "नस तुंबलेली नाय," ती म्हणाली. "आणि भित्रेपणा बी नाय." हे शेवटचं वाक्य तिनं भात कालवता कालवता म्हटलं, पण मला माहीत आहे ते किती वर्षांचं होतं.

पुढे ठाण्याला मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. रोजची गोळी घ्या, नाहीतर मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जास्तीची वाट कायमची बंद करता येते. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, गाता येईल का. डॉक्टर म्हणाले, गाता येईल, घरी फुंकण्याचा उपायही नीट शिकून घ्या. तिनं सध्या गोळी निवडली, डॉक्टरांनाही ते पटलं. वाढलं तर तार घालून घ्यायची असं तिनं स्वतःच ठरवून टाकलंय.

त्यानंतरही छाती धावलीय, खोटं कशाला सांगू. एकदा घरातच, आणि शिकवलेल्या उपायानं थांबली. एकदा थांबली नाही, तेव्हा ती आणि जना गाडी करून दवाखान्यात गेले, औषध टोचलं, संध्याकाळी परत आले. पण आता ती लपवत नाही. मांडवात कोणी विचारलं तर मोठ्यानं सांगते. त्यामुळे एक गोष्ट झाली, जी आम्हाला कोणाला सुचली नव्हती. हळदीचं काम आटोपलं की एखादी बाई हळूच तिच्याजवळ सरकते. "काकी, माझी पण धावते." कोणी नुकती लग्न झालेली, कोणी दोन लेकरांची आई. कोणाला घरात घाबरट म्हणतात, कोणाला अंगारे लावून झालेत. आई त्यांना औषध सांगत नाही. "माझ्यासारखंच असंल असं नाय," ती म्हणते. "प्रत्येकीची छाती निराळी. धावत असताना दवाखान्यात जा आणि कागद काढ. आणि कोण काय बोललं तरी जा." मुरबाडच्या मॅडमना यातल्या दोघीतिघी तिचं नाव सांगून भेटल्या, असं त्यांनीच मला सांगितलं.

या वर्षी पाडव्यानंतरचं पहिलं लग्न शेणव्यातच होतं, आमच्या घरापासून चार घरं सोडून. मी दुकान लवकर बंद करून गेले. उंबराची फांदी रोवली होती, चौक ताजा होता. आई नेहमीच्या जागी बसली, मी तिच्या मागे. सगळे थांबले. ती गाईना.

मी पुढे वाकून तिचं मनगट धरलं. नाडी संथ होती. एकेक ठोका सुटा, बोटाला नीट लागणारा.

"छाती?" मी विचारलं.

"छाती बरी हाय." ती जागेवरून उठली आणि माझ्या मागे येऊन बसली. "आज देवांना तू बोलव."

"का गो आये?"

"तिकडं मुरबाडच्या बाजूला लग्नात तू गायलीस तवा मी दवाखान्यात होते," आई म्हणाली. "समद्यांनी ऐकलं. मी नाय ऐकलं."

मी पहिली ओळ घेतली. ती संपायच्या आत, माझ्या पाठीमागून, तो रुंद कोरडा आवाज उठला आणि त्यानं माझी ओळ उचलली.